सॉफ्टवेअरचा डबा दुकानात ठेवायचा की थेट विकायचं: कोल्हापुरातल्या माझ्या अडीच वर्षांचा हिशेब

गेल्या महिन्यात गडहिंग्लजचा एक मुलगा घरी आला होता. त्यानं दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर केलंय, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दहा दिवसांचं बिल, पशुखाद्याची कपात, सगळं व्यवस्थित केलंय आणि त्यानं चहा यायच्या आधीच विचारलं, ताई, कॉम्प्युटरच्या दुकानात ठेवायला देऊ का स्वतः फिरून विकू? मला २०२३ ला हाच प्रश्न पडला होता आणि तेव्हा आकडे सांगणारं कुणी भेटलं नाही, जो तो म्हणायचा "दे की दुकानात ठेवून, चालतंय". त्याला त्या दिवशी चार तास बसून जे सांगितलं तेच इथं लिहून ठेवतेय, जे चुकलं त्यासकट.

आमचं कसबा बावड्यात किराणा दुकान आहे, आजोबांनी काढलेलं, आता अण्णा बसतात. मी पुण्यात सहा वर्षं नोकरी करून २०२१ ला घरी आले आणि महिनाअखेरीला उधारीच्या वहीची बेरीज करायला बसायचे, त्यातनंच माझं किराणा दुकानाच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर झालं. मराठीत बिल निघतं, गिऱ्हाइकाच्या नावावर उधारी चढते, जीएसटीचा महिन्याचा तक्ता निघतो, एवढंच. सगळ्यात वेळ खाल्ला तो मराठी बिलानं, कारण स्वस्तातल्या थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरी अक्षरंच नसतात, अख्खं बिल चित्र करून पाठवावं लागतं आणि मग प्रिंटर हळूहळू छापत बसतो, समोर गिऱ्हाईक पिशवी धरून उभं. त्याचा वेग वाढवण्यात चार महिने गेले. बावड्यातल्या पाच दुकानांनी फुकट वापरायला घेतलं होतं, त्यातले एक काका एके दिवशी म्हणाले, "पोरी, ह्याचे पैसे घे की, फुकटच्या वस्तूवर भरवसा वाटत न्हाई." तेव्हा विकायचं ठरलं.

आधी कागदपत्रं. जून २०२३. कामगार विभागाच्या ऑनलाइन फॉर्मवर शॉप ॲक्टची इंटिमेशन दिली, तेव्हा दहापेक्षा कमी माणसं असतील तर नुसती सूचना द्यायची असायची, तपासणी वगैरे नसायची. मग उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, ती आधारवर होते आणि पूर्ण फुकट आहे, पण गुगलवर शोधलं की फी मागणाऱ्या तसल्याच दिसणाऱ्या साईट्स वर येतात, त्यामुळं पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का बघूनच आधार नंबर टाका.

जीएसटीवर मी आठवडाभर विचार करत बसले होते. सेवा विकणाऱ्याला वर्षाला २० लाख आणि माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत नंबर सक्तीचा नाही, माझी उलाढाल तर शून्य. पण कॉम्प्युटरच्या दुकानदाराला जीएसटीचं बिल लागतं, नाहीतर त्याला भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळत नाही, आणि राजारामपुरीत ज्या ज्या दुकानात विचारलं तिथं पहिलं वाक्य "जीएसटी नंबर आहे का?" म्हणून स्वतःहून घेतला. ५ जूनला अर्ज, आधारचा ओटीपी त्याच दिवशी. १२ जूनला रेग-०३ ची, म्हणजे अर्जात त्रुटी असल्याची, नोटीस आली की जागेचा पुरावा जुळत नाही. लाईट बिल आजोबांच्या नावावर होतं आणि आजोबा जाऊन नऊ वर्षं झालेली. नोटिशीला सात कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, मला ते माहीत नव्हतं, नशिबानं दुसऱ्याच दिवशी मेल बघितला. घरफाळ्याची पावती अण्णांच्या नावावर होती ती आणि अण्णांचं संमतीपत्र जोडलं, २१ जूनला नंबर हातात. सरकारी फी काही नाही, सीएंनी २,००० घेतले. तुम्ही अर्ज करायच्या आधी एकदा बघून घ्या घरातलं कुठलं बिल जिवंत माणसाच्या नावावर आहे, आमच्याकडं अर्ध्या गोष्टी अजून आजोबांच्याच नावावर आहेत. ट्रेडमार्कचा अर्ज वर्ग ९ मध्ये (त्यात सॉफ्टवेअर येतं) ऑगस्टमध्ये टाकला, एकट्या माणसाला आणि छोट्या उद्योगाला ऑनलाइन ४,५०० फी आहे.

आता डबा. मला डबा करायचाच नव्हता, लिंक पाठवायची आणि चावी (सॉफ्टवेअर सुरू करायचा नंबर) द्यायची असं डोक्यात होतं. पण राजारामपुरीतले एक जुने दुकानदार, त्यांना मी मामा म्हणते, त्यांनी सरळ सांगितलं, "मॅडम, गिऱ्हाईक चाळीस हजाराचा पीसी घेऊन चाललंय, त्याच्या हातात वस्तू दिली तर चार हजार देतंय. कागदावर सोळा अंकी नंबर लिहून दिला तर म्हणतंय हे काय, ह्याचे कसले पैसे." हे खरं होतं, मी नंतर डोळ्यांनी बघितलं. मग डबा करायचा ठरला. डीव्हीडी चालणार नाही कारण नव्या पीसीला ड्राइव्हच नसतो, म्हणून ८ जीबीचा पेनड्राइव्ह, मराठी पुस्तिका आणि चावीचं कार्ड.

शाहूपुरीतल्या प्रेसनं सांगितलं ५०० डब्यांच्या खाली परवडत नाही. ५०० डबे २८,५०० रुपये, ३०० पुस्तिका ९,६००, २०० पेनड्राइव्ह ४३,०००, कार्ड आणि वरचं प्लास्टिक २,४००. झाले ८३,५००, वर जीएसटी वेगळा पण तो क्रेडिटमध्ये येतो. पेनड्राइव्ह २०० च, म्हणून विकायला तयार डबे झाले फक्त २००, म्हणजे डब्यामागं ४१७ रुपये घरातनं बाहेर पडायच्या आधीच गेले. आता नव्यानं करायचं झालं तर मी साधा पांढरा डबा घेऊन त्यावर छापील पट्टा चढवीन आणि ५० च करीन. उरलेले ३०० रिकामे डबे घडी करून माळ्यावर आहेत.

वस्तू डब्यात बंद करून दुकानात विकायची म्हटलं की वैध मापनाचे (वजन-मापं आणि पॅक मालाचे) नियम लागतात, हे मला सीएंनी सांगितलं म्हणून कळलं. बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता, महिना आणि वर्ष, सर्व करांसहित कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन नंबर, हे सगळं डब्यावर पाहिजे आणि पॅक करणाऱ्यानं नोंदणी करायची, तिची फी ५०० रुपये. डिझाईन प्रेसला जायच्या आधी हे करा, माझ्या पहिल्या डिझाईनवर महिना नव्हता आणि प्लेट परत करावी लागली असती, थोडक्यात वाचले. अजून एक, पेनड्राइव्हमधून डबा विकला तर तो माल, त्याचा जीएसटी कोड (एचएसएन) ८५२३. तेच सॉफ्टवेअर लिंकवरून दिलं तर ती सेवा, कोड ९९७३३१. कर दोन्हीला १८ टक्केच, पण बिलावर कोड वेगळा टाकावा लागतो.

किंमत ठरवली ४,७२०, म्हणजे मूळ ४,००० आणि ७२० जीएसटी. दुकानदारांना ४० टक्के सोडायचे असं दोन-चार ठिकाणी बोलून ठरलं, मला आकडा ऐकून धक्का बसला होता, अण्णा किराण्यात साखरेवर किती मिळवतात ते मी लहानपणापासून बघितलंय. म्हणजे माझं बिल २,४०० अधिक ४३२, एकूण २,८३२. दुकानदार गिऱ्हाइकाला पूर्ण ४,७२० ला कधीच विकत नाही, ३,८०० ते ४,००० ला देतो. मी त्यांच्या बाजूनं पण विचार केला, दुकानाचं भाडं आहे, पोरांचे पगार आहेत, पीसीवर जेमतेम सुटतंय कारण गिऱ्हाईक ऑनलाइनचा रेट मोबाईलवर दाखवतंय, मग मार्जिन मिळणार ते अशाच बारक्या वस्तूंवर. ४० टक्के जास्त आहेत असं मला आता वाटत नाही. माझं नुकसान ४० टक्क्यात झालंच नाही, ते दुसरीकडंच झालं.

ऑक्टोबर २०२३, दिवाळीच्या आधी, पहिले डबे गेले. वर्षभरात ११ दुकानं झाली, राजारामपुरी, शाहूपुरी, इचलकरंजीत दोन, जयसिंगपूर, गडहिंग्लज. १३२ डबे दिले. पहिल्या महिन्यात १९ गेले तेव्हा मी घरी पेढे आणले होते.

पण "गेले" म्हणजे काय हे मला कळायला मार्च उजाडला. मी डबा दिला की बिल करत होते, आणि बिल झालं की जीएसटी लागू, पैसे आले का नाही ह्याच्याशी त्याचा संबंध नाही. मी तिमाही रिटर्नमध्ये आहे तरी पहिल्या दोन महिन्यांचं चलन पुढच्या महिन्याच्या २५ तारखेला भरावंच लागतं. दुकानदार म्हणायचा ३० दिवस, व्हायचे ७०, ९०. म्हणजे त्याच्या फळीवर पडलेल्या डब्याचा कर मी माझ्या बचतीतनं भरत होते. फेब्रुवारीत चलन भरायला अण्णांच्याकडनं ६,००० घेतले, त्या दिवशी अण्णांनी काही विचारलं नाही, नुसते गल्ल्यातनं काढून दिले, मला फार लागलं ते. रात्री जेवताना मग म्हणाले, "फळीवर ठेवायला दिलंस का विकलंस, ते आधी ठरव."

सीएंना विचारलं तर त्यांनी सांगितलं की विक्री झाली तर ठेवा नाहीतर परत करा ह्या बोलीवर माल द्यायचा असेल तर बिल करायचंच नाही, डिलिव्हरी चलनावर, म्हणजे नुसता माल पाठवल्याच्या कागदावर, पाठवायचा. विकला की बिल, किंवा सहा महिने झाले की बिल, जे आधी होईल ते. हे कायद्यात स्पष्ट आहे, कलम ३१ मध्ये, आणि मी सहा महिने उगाच आगाऊ कर भरत बसले होते. परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट (आधीचं बिल तेवढ्यानं कमी करणारा कागद) करता येते, ती पुढच्या आर्थिक वर्षातल्या ३० नोव्हेंबरपर्यंतच जीएसटीत धरली जाते, त्यामुळं "बघू नंतर" करू नका. आणि उद्यम नंबर बिलावर छापा. छोट्या उद्योगाचं देणं ४५ दिवसांत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, दिलं नाही तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही, हा नियम आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आलाय. तो बनवणाऱ्यांना आणि सेवावाल्यांना आहे, नुसत्या खरेदी-विक्रीला नाही, म्हणून आपली नोंदणी नीट बघून घ्या. मी नंबर छापायला लागल्यावर दोन दुकानांच्या सीएंनीच मार्चअखेर पैसे सोडायला लावले.

दुकानात डबा कुठं ठेवतात ह्यावर पण सगळं आहे. मामांच्या दुकानात काऊंटरवर, बिल मशिनच्या शेजारी, तिथं वर्षात २६ गेले. एका दुकानात मी जानेवारीत गेले तर माझे डबे खाली, कीबोर्डच्या मागं, सहाच्या सहा, पहिल्या दिवशी मी ज्या क्रमानं रचून ठेवले होते त्याच क्रमानं. उन्हाची तिरीप यायची तिकडची बाजू पांढरी पडली होती. मी रुमालानं पुसून परत समोर लावले आणि महिन्यानं गेले तर परत मागं. ते दुकानदार वाईट नाहीत, त्यांना माझ्या डब्याबद्दल बोलायलाच येत नव्हतं, "हे काय करतंय" विचारलं की ते अँटिव्हायरस दाखवायचे.

अँटिव्हायरसवर मी खूप विचार केला. क्विक हील आपल्याकडंच वाढलं, रहिमतपूरच्या कैलास काटकरांनी पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचा व्यवसाय करता करता, १९९५ ला पहिलं उत्पादन, आणि ते गावोगावच्या हार्डवेअरवाल्यांच्या हातनंच पोचलं. मला वाटायचं ते जमलं तर आपलं का नाही. पण अँटिव्हायरस शिकवावं लागत नाही, दुकानातला पोरगा दहा मिनिटांत टाकून देतो, आणि वर्ष संपलं की गिऱ्हाईक परत त्याच दुकानात येतं, दुकानदाराला परत मार्जिन. माझ्या सॉफ्टवेअरला दुकानातल्या हजार-बाराशे वस्तूंची नावं भरायला लागतात, उधारीची जुनी वही चढवायला लागते, मालकीण बसणार असेल तर तिला बसून दाखवायला लागतं. हे दुकानदार का करील आणि कधी करील? मग तो माझा नंबर द्यायचा आणि मी जायचेच, पैसे त्यानं घेतलेत आणि पेट्रोल माझं.

सप्टेंबर २०२४ च्या शेवटी एका रात्री बसून पूर्ण हिशेब केला. १३२ पैकी ७१ खरंच विकले गेले आणि पैसे आले. ४३ परत आले. १८ एका दुकानात अडकले, ते दुकान बंद झालं, डबे पण मिळाले नाहीत. ७१ गुणिले २,४०० म्हणजे १,७०,४००. त्यातनं डब्यांचे ८३,५००, पेट्रोल आणि एसटी १४,२००, पोस्टर आणि दिवाळीचे बॉक्स ६,३००, आणि त्या १८ डब्यांचा भरलेला जीएसटी ७,७७६. राहिले ५८,६२४. विकलेल्या डब्यामागं ८२५ रुपये, ४,७२० छापलेल्या डब्यामागं. पेनड्राइव्ह बरेच उरले ते धरले नाहीत, पण माझा वेळ पण धरला नाही. मी तो कागद अण्णांना दाखवला, त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि १८ च्या आकड्यावर बोट ठेवलं.

नोव्हेंबर २०२४ पासून थेट सुरू केलं. त्याआधी सगळ्या दुकानांतले उरलेले डबे परत आणले, हे मुद्दाम सांगते कारण एकानं तेवढ्यातच फोन करून विचारलं, "आम्ही चार हजाराला विकायचं आन तुम्ही वेबसाईटवर २,९५० लावणार, मग आम्ही काय तोंड दाखवायचं?" त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. दुकानात डबा असताना स्वतः स्वस्त विकू नका, एकतर दोन्हीकडं एकच भाव ठेवा नाहीतर आधी माल उचला.

नवा भाव पहिल्या वर्षी २,९५० (मूळ २,५००), पुढं दरवर्षी १,१८०. डबा नाही, पेनड्राइव्ह नाही, मी जाते, टाकते, शिकवते. पैसे करंट खात्याच्या क्यूआरवर, यूपीआयला दुकानदाराकडनं काही कापत नाहीत. बाहेरगावच्या ११ जणांनी पेमेंट लिंकवरनं दिले तिथं २ टक्के आणि त्यावर जीएसटी गेला, सगळे मिळून ७६६ रुपये. मोबाईल ॲप करून स्टोअरवर टाकायचा पण विचार केला होता, तिथं गुगल २०२१ पासून वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरच्या विक्रीवर १५ टक्के घेतं, म्हणजे तिथं पण एक दुकानदार आहेच, फक्त उधारी करत नाही. तूर्त राहू दिलं.

पहिले दोन महिने फार वाईट गेले. दुकानात डबा असला की निदान कुणीतरी विचारतं, इथं कुणाला माहीतच नाही. मोबाईलवरच्या जाहिरातींवर १२,००० घातले, फोन आले पण निम्मे पुण्या-नाशिकचे आणि "फ्री आहे का" विचारणारे. मी एकटी बाई अनोळखी दुकानात शिरून "नमस्कार काका, बिलिंगचं सॉफ्टवेअर दाखवू का" म्हणायचे, दुपारी दोन ते चार, कारण तेव्हाच गिऱ्हाईक नसतं, पण तेव्हाच त्यांची जेवायची आणि लवंडायची वेळ. लक्ष्मीपुरीत एका होलसेलवाल्यांनी तीनदा परत पाठवलं आणि चौथ्यांदा त्यांच्या सूनबाईंनी आत बोलावलं, म्हणाल्या, "मामंजींना सोडा, मला दाखवा." त्यांनी घेतलं आणि मग त्यांच्या ओळखीनं सात दुकानं झाली. जाहिरातीच्या १२,००० मधनं मला चार गिऱ्हाइकं मिळाली, त्या एका वहिनींकडनं सात.

वर्षभरात, ऑक्टोबर २०२५ पर्यंत, ५८ झाले. १,४५,००० आले. खर्च म्हणाल तर पेट्रोल २१,५००, जाहिरात १२,०००, डोमेन आणि होस्टिंग ५,४००, फोन ४,८००, पत्रकं ३,६००, आणि ते ७६६. राहिले ९६,९३४, म्हणजे गिऱ्हाइकामागं १,६७१. डब्यापेक्षा दुप्पट, छापील किंमत कमी ठेवून. पण एका गिऱ्हाइकाला माझे सरासरी सहा तास जातात, आणि ज्यांनी घेतलंच नाही त्यांच्या दारात गेलेले तास वेगळे, मी साधारण १४० ठिकाणी दाखवलंय. हे कुणी सांगत नाही, थेट विकलं की मधला माणूस जातो म्हणतात, पण मधल्या माणसाचं काम जात नाही, ते तुमच्या गाडीवर येऊन बसतं. मुलं लहान असतील, नोकरी सांभाळून करायचं असेल तर आधी हे तास मोजा.

आणि मग सप्टेंबर आला. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कौन्सिलची ५६ वी बैठक झाली, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, २२ सप्टेंबरपासून नवे दर. किराण्याच्या दुकानात ह्याचा अर्थ काय तर अंगाच्या साबणाच्या वड्या, शॅम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं १८ वरनं ५, तूप आणि बटर १२ वरनं ५, पाकिटातलं पनीर शून्य. अर्ध्या फळीचे दर एका रात्रीत बदलायचे. १९ दिवस हातात. मी रात्री बसून नव्या दरांचा तक्ता भरला, अण्णांनी एकेक पुडा हातात घेऊन नाव वाचायचं आणि मी टाकायचं असं चार रात्री चाललं, आणि १५ तारखेपर्यंत अपडेट तयार झाला.

थेटच्या गिऱ्हाइकांना (तेव्हा ५३ होते) व्हॉट्सॲपवर पाठवला, मराठीत दोन मिनिटांची चित्रफीत सोबत. २१ तारखेच्या रात्रीपर्यंत ४९ जणांचे दर बदललेले, राहिलेल्या चौघांना घटस्थापनेच्या सकाळी फोन करून.

पण डब्याच्या ७१ जणांची यादी काढली आणि माझ्या पोटात गोळा आला. चावी टाकताना मोबाईल नंबर विचारत होते, पण ७१ पैकी ३१ ठिकाणी तेच तेच पाच नंबर होते. दुकानातल्या पोरांनी सॉफ्टवेअर टाकून देताना स्वतःचाच नंबर घातलेला. म्हणजे ३१ दुकानदार माझं सॉफ्टवेअर वापरतात आणि २२ तारखेला ते साबणावर १८ टक्क्यांनी बिल फाडणार, गिऱ्हाइकाकडनं जास्त कर घेणार, आणि ते कोण आहेत कुठं आहेत मला माहीत नाही. मला त्या दोन रात्री झोप लागली नाही, डब्यावर तक्रारीसाठी म्हणून माझं नाव आणि माझा नंबर छापलेला आहे, आणि मला मात्र त्यांचा नंबर माहीत नाही.

१७ तारखेला मामांच्या दुकानात गेले. डबे परत नेल्यापासून मी तिकडं फिरकले नव्हते, बोलायला जीभ रेटत नव्हती. त्यांनी काही दाखवलं नाही, बसा म्हणाले, आणि काऊंटरच्या खालनं एक लांबडी वही काढली, कव्हर फाटलेली, पिना मारलेली. त्यात प्रत्येक पीसीचा सीरियल नंबर, तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, गाव, फोन, आणि शेवटच्या रकान्यात काय काय दिलं ते. माझ्या सॉफ्टवेअरला त्यांनी "बि." लिहिलं होतं. आम्ही दोघं दुपारी तीनपासून दिवे लागेपर्यंत ती वही वाचत बसलो, ते बोट फिरवत "बि." शोधायचे आणि मी माझ्या यादीतली तारीख जुळवायचे. १४ नावं तिथंच मिळाली. मधेच एका गिऱ्हाइकाला माऊस दिला आणि परत येऊन बोट त्याच ओळीवर ठेवलं. जाताना म्हणाले, "मॅडम, डबा नको असंल तर नको, पर गिऱ्हाईक माझं पण हाय की. मला बी फोन आले असते उद्या."

हे मी आधी धरलंच नव्हतं. दुकानदार गिऱ्हाईक ओळखतो, माझ्यापेक्षा जास्त ओळखतो, आणि मी त्याला फक्त फळी म्हणून वापरत होते.

त्याच आठवड्यात त्यांच्याशी नवीन बोलणं झालं आणि आता चार दुकानांशी तसंच चाललंय. डबा नाही, माल नाही, उधारी नाही. पीसी नेणाऱ्या गिऱ्हाइकाला ते विचारतात बिलिंग पाहिजे का, हो म्हणाला तर नाव-नंबर मला पाठवतात, मी जाऊन टाकते आणि बिल माझ्या नावानं थेट गिऱ्हाइकाला करते. पैसे आले की दुकानदाराला ५०० रुपये, आणि दरवर्षी ते गिऱ्हाईक चालू राहिलं तर १५०. हे १५० मी अँटिव्हायरसवरनं शिकले, नाहीतर दुकानदाराला दुसऱ्या वर्षी त्या गिऱ्हाइकात काय रस राहणार. त्यांच्याकडनं ५०० ची पावती घ्या, आणि ठरलेलं एका पानावर लिहून दोघांच्या सह्या करा, ओळखीत असलं तरी. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये असे १३ आले. त्यांच्यावर माझे तास पण कमी जातात, साधारण चार, कारण पीसी आणि प्रिंटर दुकानातनंच जोडून येतात आणि अनोळखी दारात उभं राहावं लागत नाही.

गडहिंग्लजच्या मुलाला मी म्हणलं, दूध संस्थेला मिल्क ॲनालायझर आणि वजनकाटा कोण विकतो त्याच्याकडं जा, कॉम्प्युटरच्या दुकानात नको. काटा बसवायला तो माणूस संस्थेत जातोच, सचिवाला ओळखतो, आणि कॅलिब्रेशनला परत पण जातो. त्याला डबा देऊ नको, पहिल्या दिवसापासून संस्थेच्या सचिवाचा नंबर तुझ्याकडं येईल असं बघ, आणि चावी टाकताना ओटीपी त्याच नंबरवर पाठव म्हणजे कुणी भलताच नंबर घालणार नाही. मी माझ्याकडं ते ऑक्टोबरमध्येच बदललं.

त्या ३१ पैकी मामांच्या वहीतनं १४, इचलकरंजीच्या दुकानांतनं ८, बाकीच्यांकडनं ५ सापडले. एक कोडोलीचे निघाले, त्यांनी २४ तारखेला स्वतःच डब्यावरचा नंबर बघून फोन केला, दर बदलायचेत म्हणून. राहिलेल्या तिघांचा पत्ता अजून लागलेला नाही, त्यांच्या चाव्या चालू आहेत एवढं दिसतंय.